चार लेव्हलचं घर

राजू,

सोमवारी शिरोळहून आप्पांचा फोन आला. मी उचलला तर नेहमीसारखं, ना हॅलो ना काही, थेट "राजश्री हाय काय?" तुला जाऊन सतरा दिवस झाले होते आणि त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच कळवायला हवं होतं. तुझ्या नवऱ्याने, संजयदादांनी, तुझ्या फोनमधले नंबर बघून सगळ्यांना कळवलं, पण आप्पांचा नंबर तू 'म्हशी' या नावाने ठेवला होतास. ते त्या बिचाऱ्यांना कसं कळावं?

मी सांगितलं. मग आप्पा म्हणाले, "गुरुवारी येतो. ऑफिस उघडं असतंय न्हवं?"

उघडं असतं, राजू. रोज दहाला येते, पंखा लावते, सवयीने दोन्ही कॉम्प्युटर चालू करते आणि मग एक बंद करते.

गुरुवारी आप्पा येऊन गेले. ते जे बोलले त्यामुळेच आज हे लिहायला बसले आहे. पण तिथवर पोचायला मला आधीचं सगळं लिहावं लागणार. तुला घाई असेल तर असू दे. आयुष्यभर मी तुझ्या घाईने चालले.

लग्न होऊन नाशिकहून नुकती आले होते तेव्हाची गोष्ट. शाहूपुरीतल्या त्या इंजिनिअरच्या ऑफिसात माझा पहिला दिवस. पाठीमागून आवाज आला, "मी आलोच गं पाच मिनटात, चहा सांगून येतो." मी वळून पाहिलं तर बाई. हिरवा पंजाबी ड्रेस, कानावर पेन्सिल, हातात गुंडाळलेले नकाशे. दोन दिवस मी गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारलंच, "तू पुरुषासारखं का बोलतेस?" तू डोळे मोठे केलेस. "पुरुषासारखं कुठं बोलतो? मी कोल्हापूरसारखं बोलतो." आणि इतक्या मोठ्याने हसलीस की आतून सरांनी डोकं बाहेर काढलं.

त्याच वर्षी सरांनी ते नवं सॉफ्टवेअर आणलं. तोवर आपण कॉम्प्युटरवर रेषा काढत होतो. यात रेषा नव्हत्या, घरच बांधायचं होतं. भिंत म्हटली की तिची उंची आली, जाडी आली, दार म्हटलं की ते भिंतीत जाऊन बसलं. ऑफिसातले जुने लोक त्याला हात लावेनात, म्हणून ते आपल्या दोघींच्या गळ्यात आलं. शिकायला घर कुठलं घ्यायचं? तू म्हणालीस, "आमचंच घे की, फुकटचं हाय." रविवारी आपण तुझ्या घरी टेप घेऊन गेलो. तुझ्या सासूबाई लाटणं हातात घेऊन मागे उभ्या. "भिंती कसल्या मोजालीस, तिकडं दूध उतू चाललंय!"

तुमचं स्वयंपाकघर बाकीच्या घरापेक्षा दोन पायऱ्या खाली. सोमवारी ते घर कॉम्प्युटरवर उभं केलं, प्लॅन उघडला, तर स्वयंपाकघराची फरशीच गायब. भिंती आहेत, ओटा आहे, फरशी नाही. अख्खी दुपार आपण ती शोधली. पुसली गेली म्हणून दोनदा नव्याने घातली, दोन्ही वेळा दिसली नाही. शेवटी तू घर आडवं करून बाजूने पाहिलंस, तर तिथे एकाखाली एक तीन फरश्या.

"हाय की ही! आपण वरनं बघालोय, आणि हा प्लॅन घराच्या जमिनीच्या खाली बघायलाच तयार न्हाय."

तेव्हा आपल्याला कळलं की प्लॅन म्हणजे घर साधारण चार फुटांवर सुरीने आडवं कापायचं आणि वरून खाली पाहायचं. पण पाहायचं ते ठरलेल्या जमिनीपर्यंतच. जमीन खालीवर असेल तर तीच सुरी आणि तीच नजर सगळीकडे चालत नाही. मग काय करायचं? इथेच आपलं पहिलं भांडण झालं. तू म्हणालीस, स्वयंपाकघराची उंची वेगळी, तर त्याची लेव्हल वेगळी, त्याचा प्लॅन वेगळा. मी म्हणाले, लेव्हल एकच ठेवू, स्वयंपाकघर तिच्यापासून चौदा इंच खाली असं लिहू आणि प्लॅनची नजर तेवढी खाली नेऊ. दोन्ही चालतं. दोन्ही चालतं हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते भांडण इतकी वर्षं पुरलं.

पुढे आपण राजारामपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन टेबलांचं स्वतःचं ऑफिस काढलं. इंजिनिअर लोकांनी कागदावर दिलेली घरं आपण कॉम्प्युटरवर बांधून द्यायचो. कधी कधी थेट आपल्याकडेही कुणी यायचं. खालून पीठ उडायचं, कीबोर्डवर बारीक थर बसायचा. तू फुंकर मारून म्हणायचीस, "आज ज्वारी चाललीय." भडंगाची पुडी टेबलाच्या मधोमध. शेंगदाणे तू वेचून खायचीस आणि चुरमुरे मला उरायचे. याबद्दलही मी कधी काही बोलले नाही, हे आत्ता लक्षात येतंय.

आप्पा आपल्याकडे आले ते तुझ्या माहेरच्या ओळखीने. आदल्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. माणसं बोटीतून बाहेर पडली आणि जनावरं मागे राहिली. दावी कापून सोडली होती, तरी दोन म्हशी गेल्या. आप्पा खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाले, "मला नवं घर बांधायचं हाय. माणसांचं काय, ती जिना चढत्यात. मला जनावरं पाण्याच्या वर न्यायची सोय पायजे."

तू पुडीचा कागद उलटा करून तिथल्या तिथे काढलंस. गोठा जमिनीवर. हॉल चार फूट वर, कारण आप्पांच्या बायकोच्या, काकूंच्या, गुडघ्यांना त्याहून जास्त चढवत नव्हतं. जुन्या भिंतीवर पुराची खूण सहा फुटांवर होती, म्हणून मागच्या बाजूला सात फुटांवर जनावरांसाठी एक मोठा ओटा, आणि गोठ्यातून त्या ओट्यावर जाणारा रुंद रॅम्प. ओट्याच्या वर माणसांच्या खोल्या. आप्पांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. "म्हस चढंल?" "चढंल की. तुमी पुढं वैरण धरा, बघा कशी चढतीया."

चार उंच्यांचं घर. तू चार लेव्हल घातल्यास आणि महिनाभर खपून ते घर उभं केलंस.

मग बिद्रीला तुझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि तू दोन दिवस गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशे साइटवर जायचे होते. मी फाईल उघडली. दोन मजली घराला चार लेव्हल, चार प्लॅन, दर्शनी नकाशावर नुसत्या आडव्या रेषाच रेषा. मला वाटलं, साइटवरचे हणमंत मिस्त्री गोंधळतील. खरं सांगू? मिस्त्री गोंधळतील हे निमित्त होतं. मला दाखवून द्यायचं होतं की माझ्या पद्धतीने हे घर कमी कागदांत मावतं. मी ओट्याची लेव्हल काढून टाकायचं ठरवलं. तिच्यावरचं सगळं उचलून हॉलच्या लेव्हलला बांधलं आणि एकेका वस्तूच्या उंचीत तीन तीन फूट वाढवत गेले. कॉलम, फरशी, भिंती, बीम. दुपारपर्यंत झालं. प्लॅन तपासला, सगळं जागच्या जागी. नकाशे छापून पाठवले. तू आल्यावर सांगेन म्हटलं आणि तू आल्यावर सांगितलं नाही.

रॅम्प जिथे ओट्याला मिळतो तिथला डोक्यावरचा एक बीम माझ्याकडून राहिला होता. तीन फूट वाढवायचे राहिले, म्हणजे तो तीन फूट खाली आला. प्लॅनमध्ये ते दिसणारच नव्हतं. वरून पाहिलं की बीम आपल्या जागीच असतो, उंच असो की खाली. उभा काप घेऊन पाहिला असता तर एका मिनिटात दिसलं असतं. मी घेतला नाही.

काँक्रीटखालचं सेंट्रिंग, फळ्या आणि टेकू, उतरवल्यावर आप्पांनी आपल्याला बोलावलं. त्यांची सगळ्यात गरीब म्हैस, चंद्री, तिला घेऊन ते रॅम्प चढू लागले. घरची सगळी माणसं बघायला आलेली. काकू खुर्ची टाकून बसलेल्या. चंद्री निम्मा रॅम्प मजेत चढली आणि बीमपाशी येऊन थांबली. मान खाली घातली, वर केली, शिंग काँक्रीटला लागलं. आप्पांनी दावं ओढलं, पुढे वैरण धरली. ती मागे मागे सरकत थेट गोठ्यात जाऊन उभी राहिली.

तू टेप लावलास. साडेपाच फूट. आप्पांचा चेहरा लाल झाला होता. "ह्ये काय करून ठेवलासा?" हणमंत मिस्त्रींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी तूच बोललीस.

"चूक माझी, आप्पा. फाईल माझी हुती. ह्यो बीम तोडायचा आणि परत घालायचा. काम हुईपर्यंत मी रोज हितं येतो."

आप्पा तुला वाट्टेल ते बोलले. पोरीबाळींच्या हातात घर दिलं हीच चूक, असंसुद्धा बोलले. तू मान खाली घालून ऐकलंस. मी वाळूच्या ढिगाजवळ उभी होते आणि चपलेने वाळू सारखी करत होते.

परत येताना स्कूटरपुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता. एरवी तू त्याला कट मारून कधीच पुढे गेली असतीस. त्या दिवशी हातकणंगल्यापर्यंत त्याच्या मागे मागे राहिलीस. मी मागे बसून ठरवत होते, आता बोलते, त्या झाडापाशी बोलते, त्या पुलापाशी बोलते. तू वळून एवढंच विचारलंस, "भूक लागलीय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तू फाईल उघडलीस. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते पण मला काही दिसत नव्हतं. त्या फाईलला हात लावणाऱ्या जगात दोनच बायका. दोन तास तू त्या फाईलमध्येच होतीस. मग खुर्ची माझ्याकडे न वळवताच म्हणालीस, "लेव्हल परत घातलीय. आता हात लावू नकोस."

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, कशावरून तरी विषय निघाला तेव्हा मी विचारलं, चूक तुझ्यावर का घेतलीस म्हणून. तू शेंगदाणा वेचत म्हणालीस, "आप्पा माझ्यावर ओरडतील आणि विसरतील. तुझ्यावर ओरडले असते तर तू त्या गावात परत पाय टाकला नसतास." मी तेव्हाही 'चुकले' म्हणाले नाही. 'हं' म्हणाले. राजू, मी 'हं' म्हणाले.

पण तू काही देवी नव्हतीस, हेही लिहायला हवं, नाहीतर तूच ओरडशील. कागलच्या त्या मोठ्या शेडला तू हौसेने तीन लेव्हल घातल्यास आणि प्रत्येक लेव्हलला कॉलम तोडलास. यादीत वीस कॉलमचे साठ झाले आणि मालकाचा माणूस आपल्याला खुळ्यात काढून गेला. तेव्हा मी आठवडाभर तुला 'साठ कॉलमवाल्या बाई' म्हणत होते. तू चिडून माझा डबा खाल्लास, तोही भरल्या वांग्यांचा. तुझी पद्धत प्रत्येक घराला बरोबर नव्हती. माझीही नव्हती. हे भांडण मिटलेलं नाही, आणि आता ते एकटीने कसं चालवायचं मला कळत नाही.

मग पूर आला. पाणी चढत असताना तू रोज आप्पांना फोन लावायचीस, लागायचा नाही. एका दुपारी लागला. गिरणीचा आवाज चालू, म्हणून तू ऑफिसात उभी राहून ओरडत होतीस. "किती वर गेल्यात? समदी? चंद्री गेली काय? काय म्हणता, आदी तीच गेली?" फोन ठेवलास, खाली जाऊन गिरणीच्या पायरीवर बसलीस आणि ओढणीत तोंड घालून रडलीस. गिरणीवाले काका घाबरून पाणी घेऊन आले. तुझ्या डोक्यावर, खांद्यावर पीठ बसत होतं आणि तू रडता रडता हसत होतीस. "मंजे, अकरा जनावरं वर हायत. अकरा!" तू माझ्या गळ्यात हात टाकलास. मी तुझ्याइतकी खूश नव्हते. मला तोडलेला बीम आठवत होता. तो तसाच राहिला असता तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तुझं पोटाचं दुखणं निघालं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तू दोन महिने ते ॲसिडिटीवर ढकललंस आणि मी तुला ढकलू दिलं. दवाखान्यात मी भेटायला आले तेव्हा एरवी माझ्या हातात न मावणारा तुझा हात आता मावत होता, इतका बारीक झाला होता. मी त्या दिवशी एक गोष्ट सांगायची ठरवून आले होते. पण तू सुरुवातच केलीस, "त्या लोडिंगच्या धक्क्याचं काय केलंस?" एका कारखान्यात ट्रक मागे लागतात तो धक्का, बाकीच्या जमिनीपेक्षा चार फूट उंच. मी म्हणाले, वेगळी लेव्हल नाही घातली, तेवढ्याशा पट्टीला कशाला? तू डोळे मिटून हसलीस. "सुधारणार न्हाईस तू. आता दमलोय. उद्या ये, भांडूया."

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेले. का गेले? काम होतं. काम नेहमीच असतं. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा तू बोलत नव्हतीस.

तर, गुरुवारी आप्पा आले. खूप थकलेत. स्टीलच्या डब्यातून तुझ्यासाठी खरवस आणला होता. तू नाहीस हे माहीत असून आणला होता. "चीक आला की तिला पोचवायचा, ही सवय हाय," म्हणाले. तुझ्याच खुर्चीत बसले. शेजारच्या दोघांना तसलाच रॅम्प हवाय, म्हणून त्या दिवशी फोन केला होता म्हणे. मी वही काढली, मापं लिहायला घेतली आणि लिहिता येईना. मग मी त्यांना सगळं सांगितलं. लेव्हल मी काढली, बीम माझ्यामुळे खाली आला, राजश्रीची चूक नव्हती. आणि जे तुला सांगायचं राहिलं तेही सांगितलं.

आप्पा टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिले.

"झालं बोलून?"

"हो."

"मला काय त्येचं? म्हशी वर गेल्या, माझं तितंच मिटलं. ह्ये तुमी तिला सांगायचं हुतं."

"सांगायला गेले होते, आप्पा. राहिलं."

"मग आता सांगा की. आमची म्हातारी जाऊन दोन वर्सं झाली. मी तिला रोज सांगतो, कुठली म्हस याली, कोण कोण येऊन गेलं. ती काय ऐकती का न्हाय मला ठावं न्हाय. पर मी सांगायचा ऱ्हात न्हाय."

काकू गेल्याचं मला माहीत नव्हतं. तुला माहीत असणार, तू गेली असशील भेटायला. मला ते आत्ता विचारता येत नाही.

आप्पा गेल्यावर मी खरवस खाल्ला. एकटीने, डब्यातूनच. मग दार लावून बसले. आता सांगते.

तो बीम घालायच्या आदल्या दिवशी हणमंत मिस्त्रींचा फोन आला होता. तू बँकेत गेली होतीस. ते म्हणाले, "मॅडम, रॅम्पवरचा बीम लई खाली येतोय असं वाटतंय. एकदा बघता काय?" मी प्लॅन उघडला. बीम जागेवर दिसला. उभा काप घ्यायला एक मिनिट लागलं असतं, पण काप घेतला आणि काही निघालं, तर लेव्हल मी काढल्याचं तुला सांगावं लागलं असतं. म्हणून मी काप घेतला नाही. मी म्हणाले, "मामा, ड्रॉइंगप्रमाणे करा."

लेव्हल काढली हे तुला कळलं होतं. हा फोन तुला माहीत नव्हता. त्या दिवशी रॅम्पवर मिस्त्री हेच सांगायला तोंड उघडत होते, आणि तू त्यांच्या आधी बोललीस. तुला वाटलं असणार, मंजीच्या हातून नजरचूक झाली, तिला सांभाळून घ्यावं. ती नजरचूक नव्हती, राजू. मला विचारलं गेलं होतं आणि मी बघितलं नाही.

चुकले मी.

आता ओरड की.